सातपुडा नावाची पलटण फौजेत कधीच नव्हती

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. नांदेडहून लातूरला एसटीनं निघाला असाल तर लोहा येईपर्यंत वाचून होईल.

आपल्याकडं फौजेतून पेन्शनवर आलेल्या प्रत्येक माणसाला गाव 'मेजर' म्हणतं. शिपाई असो, हवालदार असो, पंधरा वर्षं लंगरात रोट्या लाटलेला असो, स्टँडवर उतरला की "या मेजर". खरा मेजर म्हणजे केवढा अधिकारी असतो हे गावाला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नाही. मग हा मेजर दोन वर्षांत घर बांधतो, बोअर मारतो, बहिणीचं नाहीतर पोरीचं लग्न उरकतो आणि चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं कुठल्यातरी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे मेस्कोमार्फत लागला तर नशीबवान. नाहीतर एखाद्या एजन्सीचा निळा शर्ट आणि बारा तासांची ड्युटी. काही जण सरपंचकीला उभे राहतात. काही नुसतेच पारावर बसतात.

फौजी माणसाचा दुसरा जन्म म्हटलं की आपल्या डोक्यात एवढंच येतं. कथा-कादंबरी येत नाही. म्हणून आज एका माणसाबद्दल लिहायचं आहे, आणि त्याच्या आडून दुसऱ्या एकाबद्दल.

मनोहर माळगावकर हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल ते गांधीहत्येवरच्या 'द मेन हू किल्ड गांधी' या पुस्तकामुळं. किंवा 'कान्होजी आंग्रे'मुळं. ते मराठीत आणलं पु. ल. देशपांड्यांनी, त्यामुळं आपण ते पुलंचं पुस्तक म्हणूनच हातात घेतो. मूळ लेखकाकडं लक्ष जात नाही.

माळगावकर १९१३ चे. घराणं मराठी, आजोबा देवास संस्थानचे दिवाण. शिक्षण धारवाड आणि मुंबईला. तरुणपणी दोनेक वर्षं शिकारी होते, छंद म्हणून नाही, धंदा म्हणून. पुढं कॅन्टोन्मेंटमध्ये नोकरी. १९४२ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी झाले, महायुद्धात शत्रूचे हेर हुडकायच्या खात्यातही काम केलं, लेफ्टनंट कर्नलपर्यंत चढले आणि १९५२ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बाहेर पडले. लोंढ्याहून दांडेलीकडं जाताना उत्तर कन्नड जिल्ह्यात जगलबेट नावाचं गाव लागतं, जंगलातलं. तिथं जाऊन राहिले. खाणीचा धंदा केला. लोकसभेला उभे राहिले, पडले. शेती केली. आणि लिहायला बसले. पहिलं पुस्तक १९५९ मध्ये आलं, तेच कान्होजींवरचं. पहिली कादंबरी 'डिस्टंट ड्रम' १९६० मध्ये. त्यानंतर 'कॉम्बॅट ऑफ शॅडोज', 'द प्रिन्सेस', 'अ बेंड इन द गँजेस'. १९६४ पर्यंत चार कादंबऱ्या. १९७२ मध्ये 'द डेव्हिल्स विंड' आली, त्यात नानासाहेब पेशवे स्वतःच्या तोंडानं सत्तावनची हकिकत सांगतात. पुढं 'शालीमार' सिनेमावरूनही त्यांनी कादंबरी लिहून दिली, धर्मेंद्रचा तोच सिनेमा. तीही त्यांच्याच नावावर आहे, पण सोडून देऊ. २०१० मध्ये, ९६ वर्षांचे होऊन गेले.

पहिल्या कादंबरीच्या वेळी वय सत्तेचाळीस. चाळिशी ओलांडलेल्या मला हा आकडा जरा धीर देतो, पण तो माझा खासगी मामला.

'डिस्टंट ड्रम' मला नांदेडला एका रद्दीवाल्याकडं मिळालं. माझं इंग्रजी पत्रकारितेच्या डिप्लोमापुरतं. मोबाइलवर शब्द बघत बघत महिनाभर वाचलं. गोष्ट आहे किरण गरुड नावाच्या तरुण अधिकाऱ्याची. त्याचा पलटणीतला जिवलग अब्दुल जमाल. महायुद्ध होतं, फाळणी होते, जमाल पाकिस्तानच्या फौजेत जातो आणि काश्मीरच्या युद्धबंदी रेषेच्या अल्याडपल्याड दोन जुने दोस्त समोरासमोर येतात. दिल्लीतल्या १९४७ च्या दंगली त्यात आहेत, आणि ऑफिसर मेसमधलं राजकारण आहे. वरच्या साहेबाच्या मर्जीसाठी कोण काय करतो, कोण नाही, हे सगळं.

आता ह्या किरणची पलटण कुठली? तर सातपुडा रेजिमेंट. वाघ तिची निशाणी. तिची परंपरा आहे, जुन्या लढाया आहेत, मेसमधल्या रीतीभाती आहेत. फक्त अशी पलटण हिंदुस्थानच्या फौजेत कधीही नव्हती. माळगावकर स्वतः दहा वर्षं मराठा पलटणीत. बेळगाव त्यांना तळहातासारखं माहीत. "बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही आरोळी त्यांनी किती वेळा ऐकली असेल. तरी कादंबरी लिहायला बसले तेव्हा आपल्या पलटणीचं नाव बाजूला ठेवून एक नवी पलटण उभी केली.

वाचताना मला हे साधं वाटलं. कादंबरीत लेखक नावं बदलतातच. त्यामागचं कारण कळलं ते नंतर, लातूरला, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून. त्याच्याकडं येतो. आधी माळगावकरांचं थोडं राहिलंय.

'द प्रिन्सेस' ही त्यांची मला सगळ्यात आवडलेली कादंबरी, आणि मराठवाड्यातल्या माणसानं ती मुद्दाम वाचावी. बेगवाड नावाचं एक संस्थान, हेही खोटंच, आणि ते भारतात विलीन होताना राजाचा मुलगा आपल्या बापाबद्दल सांगतोय. ह्याच देवासच्या थोरल्या पातीत ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये महाराजांचा सचिव होता, त्यानं तिथल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. तो बाहेरून आलेला. माळगावकरांनी तेच जग आतून पाहिलं होतं, दिवाणाच्या घरातून. बुडणाऱ्या राजाचा त्यांना राग येत नाही आणि त्याच्यावर ते आरतीही ओवाळत नाहीत. आपण निजामाच्या राजवटीतून बाहेर पडलेली माणसं. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, भाषणं ऐकतो. पण १९४८ च्या त्या पाच दिवसांत सोलापूरकडून आत शिरलेल्या फौजेतल्या एखाद्या अधिकाऱ्यानं नळदुर्ग, उमरगा, लातूर, नांदेड ह्या मुलखात काय पाहिलं, ते कुणी गोष्टीत सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. रझाकारांनी काय केलं ते आपण मोठ्यानं सांगतो. नंतरच्या काही आठवड्यांत काय झालं ते म्हातारी माणसं आवाज उतरवून सांगतात. पंडित सुंदरलाल समितीनं ते लिहून दिलं होतं आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. असं जे अहवालात दाबलं जातं आणि भाषणात गाळलं जातं, त्याला कादंबरीशिवाय जागा कुठली?

'अ बेंड इन द गँजेस'मध्ये माळगावकरांनी तेच केलं. गांधींच्या मागं गेलेला एक तरुण, बाँबच्या मागं गेलेला दुसरा, अंदमानचा तुरुंग, जपान्यांनी घेतलेलं अंदमान आणि शेवटी फाळणी. अहिंसेचा आणि हिंसेचा दोघांचाही हिशेब त्यांनी मांडला आणि कुणालाच खूश केलं नाही.

आता त्यांच्यातलं जे मला खटकतं तेही सांगतो. त्यांच्या फौजेत मेस आहे, लंगर नाही. व्हिस्कीचे पेग आहेत, शिकार आहे, क्लब आहे, साहेबाची मेमसाहेब आहे. जवान मागं उभा असतो, सॅल्यूट मारतो, कधी कधी मरतो. कोकणातला, देशावरचा जो पोरगा त्या पलटणीत खरी लढाई लढला तो घरी पत्र काय लिहायचा, मनीऑर्डर किती पाठवायचा, हे कर्नलसाहेबांच्या कादंबरीत सापडत नाही. इंग्रज अधिकाऱ्याची शिस्त आणि दिलदारी ह्यावर त्यांचा जरा जास्तच जीव. शिवाय त्यांच्याकडं जमीन होती, घर होतं, इंग्रजी होतं, लंडनचे प्रकाशक होते. जॉन मास्टर्स नावाचा गुरखा पलटणीतला इंग्रज कर्नल १९४७ नंतर अमेरिकेला गेला आणि 'भवानी जंक्शन' लिहून मोठा कादंबरीकार झाला. माळगावकर त्याच पिढीतले. फौजेचा अनुभव इंग्रजीत लिहिला तर त्याला जगभर गिऱ्हाईक होतं.

मराठीत काय? अगदीच काही नाही असं नाही. कॅप्टन गो. गं. लिमये फौजेत डॉक्टर होते, त्यांनी 'सैन्यातील आठवणी' लिहिल्या, विनोदी कथा लिहिल्या. सत्तरच्या दशकात दीनानाथ मनोहरांची 'रोबो' आली, फौजेतल्या माणसाचं यंत्र कसं होतं ते सांगणारी. चांगली कादंबरी, आज मागितली तर जिल्ह्याच्या ठिकाणीही पटकन मिळत नाही. बाकी आपले मोठे फौजी अधिकारी लिहितात ते आत्मचरित्र किंवा युद्धाचा इतिहास. जनरल थोरातांनी लिहिलं, मेजर जनरल शशिकांत पित्रे लिहितात, बासष्टच्या पराभवावरचं त्यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' जरूर वाचा. पण तो इतिहास आहे. गोष्ट नाही.

गंमत बघा. उलट महसूल खात्यानं मराठीला किती कथाकार दिले. विश्वास पाटील, भारत सासणे, लक्ष्मीकांत देशमुख. २०२२ मध्ये आपल्या उदगीरला साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष सासणेच होते. म्हणजे सातबारा सांभाळणारा अधिकारी कादंबरी लिहू शकतो. ज्यानं बर्फात माणूस मरताना पाहिला त्याच्याकडून मात्र आपण फक्त २६ जानेवारीचं भाषण मागतो.

"फौजी माणसाला लिहिता येत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला केरळ दाखवा. मल्याळममध्ये 'पट्टाळ कथा' असा एक वेगळा प्रकारच आहे. पट्टाळम म्हणजे आपली पलटण. पारप्पुरत्त, कोविलन, नंदनार ही त्यातली मोठी नावं. ह्यातलं कुणी कर्नल-बिर्नल नव्हतं. पोटासाठी भरती झालेली खेड्यातली पोरं. पारप्पुरत्त पायोनियर तुकडीत. कोविलन आधी नौदलात, मग सिग्नलमध्ये वीसेक वर्षं. त्यांना पुढं केंद्राचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ह्या पोरांनी बराकीतली भूक, जात, रजेची वाट, गावाकडची बाई हे सगळं कथेत आणलं आणि तिकडच्या लोकांनी ते मासिकांतून, पुस्तकांतून वाचलं, त्यावर सिनेमे काढले. मराठा रेजिमेंट आपली, महार रेजिमेंट आपली, १९४१ मध्ये बेळगावलाच उभी राहिलेली. माणसं आपल्याकडंही तेवढीच गेली. कथा मात्र तिकडं आल्या.

आता ती प्लास्टिकची खुर्ची.

लातूरला, जिथं नीटच्या क्लासची आणि हॉस्टेलची दाटी आहे त्या भागात, एका मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवर एक गृहस्थ रात्रपाळीला असतात. सुभेदार म्हणून निवृत्त, जाताना मानद लेफ्टनंट हुद्दा मिळाला. म्हणजे गाव ज्याला उगाच मेजर म्हणतं त्यांच्यापेक्षा हे खऱ्याच्या बरेच जवळ. वय साठीच्या आत. नाव, गाव, तालुका काहीही सांगणार नाही, आणि खाली जे येईल त्यातले एक-दोन तपशील मी जाणूनबुजून बदललेत. का, ते वाचल्यावर कळेल.

माझी ओळख बातमीच्या निमित्तानं झाली. गार्डच्या पगारावर बातमी करत होतो. ते पगाराबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग म्हणाले, "पत्रकार, तुमी गोष्टी बी छापता का?" खुर्चीखालून रजिस्टर काढलं. पुढच्या पानांवर मुलींच्या येण्याजाण्याच्या वेळा. मागून उलटं धरलं की त्यांच्या कथा. निळ्या बॉलपेननं, फौजेतल्या रिपोर्टसारख्या सरळ ओळीत. पानाला समास सोडलेला. "रात्री दोननंतर कोनी येत नाई. मग लिव्हलालो," म्हणाले.

अकरा कथा आहेत. तीन-चार अगदी बाळबोध, शेवटी झेंडा फडकतो. दोन विनोदी आहेत, एका खेचराची तर फार चांगली. आणि एक आहे, ती वाचून मी त्या रात्री अहमदपूरची गाडी सोडून दिली आणि पुन्हा वाचली.

उंचावरचं ठाणं. वादळ. एक जवान जखमी होतो, शत्रूच्या गोळीनं नाही, अपघातानं. हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. तो दोन रात्री जिवंत राहतो. शुद्धीत. कथा त्या दोन रात्रींची आहे. त्याच्याजवळ बसलेला हवालदार त्याला काय बोलतो, काय खाऊ घालतो, तो घरच्यांना काय काय निरोप देतो आणि मधेच वैतागून सगळे निरोप कसे परत घेतो. त्याच्या बायकोनं डब्यात शेंगांची चटणी पाठवलेली असते. जीभ कोरडी पडलेला तो माणूस त्या चटणीचं बोट मागतो. तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि हवालदाराला कळत नाही की हे चटणीचं पाणी की दुसरं. तिसऱ्या दिवशी आभाळ उघडतं.

मी विचारलं, खरं घडलेलं?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, घरच्यांना जे कळवलं त्यात "तत्काळ मृत्यू, त्रास झाला नाही" असं होतं. पेटीबरोबर गावी कोण गेलं होतं? हेच गेले होते. त्या बाईनं विचारलं, काही बोलले का. ह्यांनी सांगितलं, नाही वहिनी, बोलायला वेळच मिळाला नाही. ती बाई अजून आहे, शेजारच्या तालुक्यात. मुलं मोठी झाली. दरवर्षी कार्यक्रमात तिला साडी आणि नारळ देतात, फोटो निघतो.

"आठवनी म्हनून लिव्हलं तर नाव आलं," सुभेदार म्हणाले. "नाव आलं की युनिटची चौकशी आली. आन् चौकशीचं काय बी नाई हो. त्या माउलीला कळंल मी खोटं बोललालो. गोष्ट लिव्हली तर कोनाचं बी नाव नाई."

माळगावकरांनी सातपुडा पलटण का उभी केली ते मला त्या खुर्चीशेजारी उभं राहून कळलं. माळगावकरांच्या मनात नेमकं काय होतं ते मला कुणी सांगितलेलं नाही. पण ज्यानं फौजेत माणसं पाहिली त्याला खरं सांगायचं असतं आणि खरी नावं सांगता येत नाहीत, ही अडचण कर्नलला आणि सुभेदाराला सारखीच. इतिहास लिहिणाऱ्याला तारीख लागते, नकाशा लागतो, कागद लागतो. दोन रात्री जिवंत असलेल्या माणसाचा कागदच नसतो. कागदावर तो पहिल्याच क्षणी मेलेला असतो.

मी ती कथा टाइप करून घेतली आणि त्यांच्या परवानगीनं आपल्याच भागातल्या एका दिवाळी अंकाकडं पाठवली. अंकाचं नाव सांगत नाही. तीन आठवड्यांनी फोन आला. कथा आवडली म्हणाले. पण कथा म्हणून नको, "सत्यघटना" म्हणून द्या. शहिदाचं नाव टाका, वर्दीतला फोटो मिळाला तर उत्तम, आणि वीरपत्नीचे दोन शब्द घ्या, आतल्या पानावर चौकट करू. मी म्हटलं, साहेब, नाव नाही म्हणूनच तर ती लिहिली गेली. ते म्हणाले, मग लोकांना कसं भिडणार?

मी वीस वर्षं ह्याच धंद्यात आहे, त्यामुळं त्या संपादकांना शिव्या द्यायला बसत नाही. कारगिल दिनाला आपलं पान कसं सजतं ते मला माहीत आहे. फुलांचा हार घातलेला फोटो, तिरंग्याची पट्टी, "अमर रहे". वाचकाला तेच लागतं असं आपण धरून चाललोय. ३० सप्टेंबर १९९३ नंतर किल्लारीला, सास्तूरला फौजेच्या हिरव्या गाड्या आल्या, मी शाळेत होतो, त्या गाड्या बघितल्याचं आठवतं. दगडमातीखालून आपली माणसं त्या पोरांनी हातांनी काढली. भूकंपावर तेव्हापासून केवढं छापून आलं. पण पंजाब-बंगालकडचा एखादा वीस वर्षांचा जवान ते काम करून रात्री तंबूत परतल्यावर झोपला का, हे कुणी त्याला विचारलं असेल असं वाटत नाही. तो त्याच्या गावी जाऊन काही बोलला असेल का? त्याच्याही गावात त्याला कुणीतरी बँकेच्या दारात उभं केलं असेल.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण दुसरंच आहे. लातूरच्या रिंग रोडला पहाटे पाचला या. भरतीची पोरं पळताना दिसतील, दोन्ही बाजूंनी. अकॅडमीचे टी-शर्ट, काहींच्या पायात फाटके बूट. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची, चारांतला एक कायम, तीन परत. पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली, पुढचं गणित तुम्हीच करा. आजवर फौजी परत यायचा तो पस्तीस-चाळीसचा होऊन, पेन्शन घेऊन, थोडाफार निवलेला. आता येणारा पोरगा बावीस-पंचविसाचा असणार, हातात एकरकमी पैसे, पेन्शन नाही. त्याच्या नोकरीचं काय, ह्यावर सभागृहात भांडणं झाली, आरक्षणाच्या घोषणा झाल्या, ते व्हायलाच पाहिजे. पण ह्या पोरानं चार वर्षांत जे पाहिलं असेल ते कुठं ठेवायचं, हा प्रश्न कुणाच्या अजेंड्यावर नाही. आपल्याकडं जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, तालुक्याला ग्रंथालयं आहेत, नांदेडला विद्यापीठ आहे, त्यात मराठीचे विभाग आहेत. वर्षातून एकदा आठ दिवस दहा माजी सैनिकांना बसवून "लिहा, नावं बदलून लिहा" एवढं सांगायला काय खर्च येतो? चहा-नाश्ता. मी दोन ठिकाणी हे बोललो. एका ठिकाणी म्हणाले, छान कल्पना, स्वातंत्र्यदिनाला सत्कार ठेवू. सत्कार नको हो, वही द्या, असं म्हणून मी परत आलो.

सुभेदारांना मी 'डिस्टंट ड्रम'ची गोष्ट तोंडी सांगितली. किरण आणि जमालची. सरहद्दीवर दोघं भेटतात तिथं त्यांनी मला थांबवलं. "ह्ये व्हतंय," म्हणाले. "आमच्या बी ठान्यावर व्हायचं. सिगारेटी द्यायचो." मग सातपुडा पलटण खोटी आहे हे सांगितल्यावर मात्र ते खूश झाले. कर्नलसाहेबानंही तेच केलं म्हटल्यावर त्यांचा जीव थोडा हलका झाला असावा. त्यांनी आता कथेतली पलटण बदलली. नवीन नाव ठेवलंय, बालाघाट. आपल्याच डोंगराचं.

चटणीचं मात्र अडलंय. पलटण बदलली, गाव बदललं, जवानाचं आडनाव बदललं, बायकोला कथेत बहीण केलं. पण शेंगांची चटणी वाचली की शेजारच्या तालुक्यातल्या त्या बाईला एका क्षणात कळणार. म्हणून त्यांनी ती काढून लोणचं घातलं. मला फोनवर वाचून दाखवलं. मला काही फरक वाटला नाही, त्यांना वाटला. "लोनचं लिव्हल्यावर त्यो मानूस मेल्यागतच वाटायलाय बगा," म्हणाले, "पयल्यापासूनच." आता पुन्हा चटणी घातलीये. छापायची घाई करू नका म्हणालेत. ती वहिनी एकदा भेटायला येणार आहे, धाकट्या मुलीला नीटच्या क्लासला घालायचंय आणि हॉस्टेलची चौकशी करायचीये. तेव्हा बघू, म्हणाले.

(खऱ्या कथेत चटणी नाही. लोणचंही नाही. जे आहे ते मी इथं लिहिलेलं नाही.)

तुमच्या घरात, गल्लीत कुणा फौजी माणसाची अशी वही असेल, डायरी असेल, रजिस्टरची मागची पानं असतील, तर मला मेसेज करा. कॉमेंटमध्ये नाव लिहू नका.